कुंपणाबाहेर ठेवलेली सायकल

"हिला नवं करायचं म्हटलं, तर जुनी फक्त घंटी उरेल, मिसेस टी." सायकलवाल्या वॉरिकने चाक गरकन फिरवलं. ते डुगडुगत मडगार्डला घासलं आणि थांबलं. "दोन्ही रिम गेल्यात, चेन गेलीय, ब्रेक देवाच्या भरवशावर. गिअर बसवायचे तर फ्रेम मागून फाकवावी लागेल. सांगा, फाकवू?"

ऊना ट्रेलोर बघतच राहिली. थोडं तेल आणि नवे टायर, एवढ्यात भागेल असं ती धरून आली होती.

"काहीतरीच काय बोलतोस! काल संध्याकाळी तर आले हिच्यावरून."

"तेच तर मला कळत नाही. कशा आलात?"

"तोंड सांभाळ. शाळेत तुला सॉसेज रोलवर जास्तीचा सॉस कोण द्यायचं, विसरलास?"

"म्हणून तर खरं सांगतोय," वॉरिक हसला. "खर्च करा, माझा धंदाच आहे. पण त्यापेक्षा बॅटरीवाली नवी घ्या."

ऊनाने तीस वर्षं शाळेचं कँटीन सांभाळलं आणि तीस वर्षं ती याच सायकलवरून गेली-आली. मोटार तिचा नवरा मर्व चालवायचा. ती शिकलीच नाही, कारण मर्व होता ना! आता मर्व गावाच्या दुसऱ्या टोकाला, जेटीजवळच्या वृद्धाश्रमात होता आणि त्याच्या डोक्यातून एकेक माणूस निघून चाललं होतं. ऊना तेवढी शिल्लक होती. ती रोज संध्याकाळी जाऊन भरवायची. त्या वेळी दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला, की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. गेल्या आठवड्यात समुद्रावरून असा वारा सुटला, की दोनदा तिला गुडघा धरून अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं. दोन्ही दिवस मर्व उपाशी झोपला.

रात्री ॲडलेडहून मुलीचा फोन आला. "आई, बॅटरीचीच घे बाई. वाऱ्याचं काही चालणार नाही तिच्यापुढे."

"आणि या जुनीचं काय करू गं? होडीचा उरलेला हिरवा रंग दिलाय हिला बाबांनी."

"जुनं सामान रस्त्यावर ठेवायचा, मोठ्या कचऱ्याचा आठवडा आहे ना तुमच्याकडे? ठेव बाहेर. तुला सायकल जपायचीय की बाबांना?"

ऊना दुसऱ्याच दिवशी वॉरिककडे गेली. तिने नवी घेतली.

त्या शनिवारी तिने हिरवी सायकल कुंपणाबाहेरच्या गवतावर, शेजाऱ्यांच्या मोडक्या खुर्च्यांच्या रांगेत उभी केली. सीट पुसली. नेणाऱ्याला चालवत नेता यावी म्हणून हवासुद्धा भरली. चहाचं पाणी ठेवायला आत गेली, कप घेऊन बाहेर आली, तर सायकल नाही! इतक्यात? निदान डोळ्यांदेखत तरी जायची! ओरडत रस्त्यावर धावावं असं तिला वाटलं. पण बाहेर ठेवलेलं उचलेल त्याचं, परत मागणं म्हणजे निर्लज्जपणा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ऊनाच्या घरातले दिवे आणि कपाट असेच तर आले होते. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

संध्याकाळी नवी सायकल वाऱ्याला न जुमानता जेटीपर्यंत गेली. ऊनाला धापसुद्धा लागली नाही. खुशीतच तिने हेल्मेट काढलं आणि मर्वसमोर बसली.

मर्वने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "ऊना आली नाही अजून."

"अरे, मीच ऊना."

"नाही हो," तो अगदी अदबीने म्हणाला. "ऊनाची सायकल खडखडते. लांबूनच कळतं मला."

ऊनाला कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. चमचा पुढे केला, तर त्याने ओठ मिटले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने लग्नातला फोटो नेला. मर्वने तो कौतुकाने पाहिला आणि परत दिला.

चौथ्या दिवशी ती सूप ढवळत बसली होती, तेवढ्यात बाहेर खडीवर खडखड झाली. ऊनाचा हात जागीच थांबला. मर्वचा चेहरा फुलला. खिडकीतून हिरवी सायकल दिसली. तिच्यावर लितिया होती. फिजीहून आलेली ही सेविका त्याच आठवड्यात कामाला लागली होती. ती आत येते न येते, तोच मर्वने तिचा हात धरला.

"किती उशीर केलास गं, ऊना!"

"नाही हो आजोबा, मी लितिया." ती गोंधळून ऊनाकडे पाहू लागली. "आंटी, हे काय म्हणतायत?"

ती माझी सायकल आहे, हे शब्द ऊनाच्या अगदी ओठांवर आले. सूप गार होत होतं. ती उठली आणि तिने चमचा लितियाच्या हातात दिला.

"बस इथं. आधी सूप, बटाटा नंतर. घाई केलीस तर तोंड मिटेल."

मर्वने तोंड उघडलं. वाडगा संपेपर्यंत तो लितियाचा हात सोडेना. मग त्याने हलकेच विचारलं, "या बाई कोण?"

लितिया कळवळून काही बोलणार होती. ऊनाने मानेनेच नको म्हटलं.

"शाळेच्या कँटीनमध्ये होते मी," ती म्हणाली. "भेटायला आले होते."

बाहेर तिची नवी सायकल आणि हिरवी सायकल शेजारी शेजारी उभ्या होत्या. हिरवीच्या मडगार्डचा स्क्रू पार सैल होऊन लोंबत होता. एकदोन दिवसांत पडलाच असता. ऊनाने खिशातून नाणं काढलं, खाली वाकली आणि स्क्रू पिळला, पण पुरता नाही. सायकल थोडी उचलून तिने खडीवर आपटून पाहिली. मडगार्ड खडखडलं. मग हेल्मेट घालून ती घरी निघाली.