घंटेची मानलेली आई

शाळा निघाली तर डॉन सेवेरो बुस्तियोस यांचा फायदा तीन ठिकाणी होणार होता. एक म्हणजे, आठ वर्षं उंदरांखेरीज कुणीही न राहिलेल्या त्यांच्या ऑलिव्हच्या गोदामाला भाडेकरू मिळणार होता. दुसरं, त्यांचा नातू रोलांदो परदेशी इंजिनिअरांच्या मुलांशेजारी बसून शिकणार होता. घरमालक म्हणून ही एक जागा त्यांनी गुपचूप पदरात पाडून घेतली होती. आणि तिसरं, कारखान्याचे हाल्वॉर्सनसाहेब त्यांना भररस्त्यात टोपी काढून नमस्कार करणार होते. तिन्हींत नवऱ्याला तिसरंच जास्त प्यारं आहे, असं डोन्या लेओनोर म्हणे, आणि ती चाळीस वर्षं त्यांच्याशी संसार करत होती.

आमच्या बंदरात तांबं गाळण्याचा कारखाना आला, तेव्हा त्याच्याबरोबर नॉर्वे, हॉलंड, कॅनडा अशा ठिकाणांहून पंधरा-वीस कुटुंबं आली. आमच्या मास्तरांचं बोलणं त्यांच्या मुलांना कळेना, त्यांचं मास्तरांना कळेना. मग मूल जरा मोठं झालं की त्याची रवानगी लिमाच्या वसतिगृहात, बोटीने तीन दिवस! हाल्वॉर्सनबाईंची अस्त्रिद आता नऊ वर्षांची झाली होती, म्हणून बाईंनी इथंच शाळा काढायचं मनावर घेतलं होतं. मंगळवारच्या बोटीचं तिचं तिकीट टेबलावर फुलदाणीखाली ठेवलेलं होतं. सोमवारी शाळा सुरू झाली तर लेक घरी, नाहीतर बोटीत.

कंपनीने मास्तरणीचा पगार कबूल केला, पण दार, बाकं, फळा यांना पैसे नाहीत म्हणून सांगितलं. तेव्हा डॉन सेवेरोंनी हाल्वॉर्सनबाईंना गावची रीत सांगितली. नवी वास्तू उभी राहिली, की नव्या लेकराला शोधतात तसाच तिच्या एकेका वस्तूला एकेक पाद्रीनो, म्हणजे मानलेला बाप, शोधायचा. बाई असली तर मद्रीना, मानलेली आई. दाराचा बाप दार देतो, फळ्याचा बाप फळा.

"किती सोपं!" बाई म्हणाल्या.

सोपं वाटणारच. डॉन सेवेरोंनी रीत अर्धीच सांगितली होती.

मग ते घरोघर फिरले. नाझारियो सुताराला म्हणाले, "तुझी लुसीला हुशार आहे रे. आता दारच ज्याचं, त्याच्या पोरीला आत जायला कोण अडवणार?" हे काही वचन नव्हतं. पण वचनासारखं दिसणारं बोलावं तर डॉन सेवेरोंनीच. दार आलं, बाकं आली, पाण्याची टाकी आली. अकरा घरांनी अकरा वस्तू दिल्या. घंटा दिली डोन्या कासिल्दा तिकोना या मासळीवालीने. तिला मूलबाळ नाही. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही, नुसती होडी आली. होडी तिने विकली, होडीवरची घंटा मात्र ठेवली होती.

उद्घाटन रविवारी. शनिवारी सकाळी अकरा घरी अकरा छापील पावत्या पोचल्या. 'वस्तू साभार पोचली. देणाऱ्याचा शाळेवर यापुढे कोणताही हक्क राहणार नाही.' हाल्वॉर्सनसाहेब शिस्तीचे माणूस. त्यांच्या देशात याला सभ्यपणा म्हणतात. त्याच वेळी शाळेच्या दारावर विद्यार्थ्यांची यादी लागली. तेवीस नावं. बावीस परदेशी आणि तेविसावं रोलांदो बुस्तियोस.

दुपारी डॉन सेवेरो चुपे, म्हणजे माशाचं दाट सूप, घेऊन जेवायला बसले होते. मागच्या दाराने कासिल्दा आत आली.

"ये, ये. चुपे घे थोडं. मासा फक्कड आहे."

"नको. तो माझ्याकडचाच आहे, कालचा."

"अगं, मला तर आजचा म्हणून दिलास!" लेओनोर म्हणाली.

"आजचा आहे असं मी कुठं म्हटलं? नुसतं 'घे, छान आहे' म्हटलं. तुझ्या नवऱ्याकडून शिकले." कासिल्दाने पावती टेबलावर ठेवली. "नाझारियो दार काढतोय, डॉन सेवेरो. वरची बिजागरी निघालीसुद्धा."

"म्हणजे काय! दिलेलं कुणी परत घेतं का?"

"तुमचा पाद्रीनो कोण होता हो?"

"कॅप्टन ओव्हिएदो. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"त्यांनी तुम्हाला काय दिलं?"

"शाळेची पाच वर्षं. पुस्तकं. पहिले बूट." डॉन सेवेरोंचा आवाज थोडा खाली आला.

"मग तुमच्या आईनं त्यांना पावती पाठवली होती का? 'बूट पोचले, यापुढे मुलाशी संबंध नाही' म्हणून?"

लेओनोर तोंडावर हात धरून हसली. डॉन सेवेरो हसले नाहीत.

"कॅप्टन अंथरुणाला खिळले तेव्हा अडीच महिने त्यांच्या उशाशी तुम्ही बसलात," कासिल्दा म्हणाली. "पावती दिली असती तर बसला असता? पावती म्हणजे मिटलं. मी घंटा मिटवायला दिलेली नाही. मला ना पोर ना नातवंड, तुमच्या यादीत मला कुणाला घुसवायचं नाही. पण त्या घंटेवर धावत येईल ते प्रत्येक पोर माझं. आणि लुसीलानं काय करायचं? रस्त्यात उभं राहून ती ऐकायची? धुक्यात वाट चुकलेल्या होड्यांना बोलवायची घंटा आहे ती, डॉन सेवेरो. बोलवायची! हाकलायची नव्हे!"

"मग हे त्या बाईंना जाऊन सांग ना."

"तिच्यावर माझा राग नाही. आपली पोर जवळ राहावी म्हणून धडपडतेय बिचारी. तिला रीत ठाऊक नाही. सांगणारा गावात एकच माणूस होता, आणि तो इथं चुपे खातोय!"

डॉन सेवेरोंनी चमचा खाली ठेवला. वाटीत अर्धं चुपे तसंच होतं. त्यांनी अन्न टाकलेलं लेओनोरने त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

तासाभराने ते कासिल्दाला घेऊन हाल्वॉर्सनांच्या दिवाणखान्यात उभे होते. टोपी हातात होती, त्यांची स्वतःचीच.

"बाई, मी तुम्हाला अर्धी रीत सांगितली. उरलेली अर्धी अशी, की मानलेला बाप कायमचा बाप असतो. त्याची पोरं आणि तुमची पोरं भावंडं होतात. हे सांगितलं असतं तर माझ्या नातवाची जागा अवघड झाली असती, म्हणून गप्प बसलो. यादीतलं तेविसावं नाव खोडा. त्याला रांगेत उभा करा."

साहेब म्हणाले, "पण ही शाळा परदेशी मुलांसाठी आहे."

बाईंनी पावती दोनदा वाचली. मग फुलदाणीखालच्या तिकिटाकडे पाहिलं.

"अहो, परदेशी तर इथं आपण आहोत!" त्या म्हणाल्या. "आणि ज्यांनी आपल्या मुलांना बसायला बाक दिलं, त्यांना आपण लिहून देतोय की तुमचा संबंध संपला?" त्या कासिल्दाकडे वळल्या. "मी तुम्हाला काय म्हणायचं असतं?"

"कोमाद्रे. एका लेकराच्या दोन आया एकमेकींना तेच म्हणतात."

बाईंनी तो शब्द तीन वेळा म्हणून पाहिला. तिसऱ्या वेळी जवळजवळ जमला.

संध्याकाळी परदेशी पालकांच्या शाळा-समितीत खडाजंगी झाली. एक गृहस्थ म्हणाले, आपल्या मुलांची भाषा बिघडेल. दुसरे म्हणाले, आणखी एक शिक्षिका लागेल, तिचा पगार कोण देणार? डॉन सेवेरो खिडकीजवळून म्हणाले, "गोदामाचं भाडं मला नको. ते तिला द्या." एका मताच्या फरकाने ठराव मंजूर झाला. देणाऱ्या अकरा घरांत शाळेच्या वयाची नऊ मुलं निघाली. नऊच्या नऊ घेतली. रोलांदोचा नंबर पुढच्या वर्षी लागला. नाझारियोने बिजागरी पुन्हा बसवली, आणि ती बसेपर्यंत दार धरून हाल्वॉर्सनबाई उभ्या होत्या.

रविवारी उद्घाटनाला कासिल्दाने रीतीप्रमाणे दारावर बाटली फोडली. सोमवारी घंटा वाजली. अस्त्रिद आणि लुसीला दारातून एकदमच घुसल्या आणि दोघींची डोकी आपटली. हाल्वॉर्सनसाहेबांनी भररस्त्यात टोपी काढून नमस्कार केला. कासिल्दाला.

वाचकहो, उपकार करणाऱ्याच्या हातात कागद ठेवून आपण मोकळे होतो, आणि त्याला आभार म्हणतो. आभार म्हणजे मोकळं होणं नव्हे. ज्यानं आपल्याला दार दिलं, त्याच्या लेकरासाठी ते उघडं ठेवायचं, एवढंच त्यात करायचं असतं.

आता कुणी काय भरलं ते पाहू. कंपनीने एका मास्तरणीचा पगार भरला. डॉन सेवेरोंनी गोदामाचं भाडं सोडलं, आणि आजवर मागितलेलं नाही. हाल्वॉर्सनांचे तिकिटाचे पैसे बुडाले, कारण बोटवाले ते परत देत नाहीत. कासिल्दाची घंटा गेली. शिवाय घंटेच्या वाढदिवसाला शाळेतल्या प्रत्येक मुलाला एकेक गोड पाव तीच वाटते. पहिल्या वर्षी एकतीस लागले होते, यंदा शहाण्णव लागले. भट्टीवाल्याला पैसे तिनेच दिले, आणि शाळेने तिला पावती दिली नाही.