जिवंत माणसाचं नाव

चष्मेवाली मेली होती, आणि ही बातमी तिला तिच्याच दुकानात, एका गिऱ्हाईकाच्या तोंडून कळली.

गिऱ्हाईक म्हणजे बिनतारी. यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात झाडलोटीपासून दिवाबत्तीपर्यंत सगळं तो बघायचा, आणि त्याच्या कानावर पडलेली बातमी चहूकडे पोचायला तार लागत नसे, म्हणून हे नाव. त्याच्या चष्म्याची काडी ढिली झाली होती. चष्मेवाली बारीक पेचकसाने स्क्रू आवळत होती आणि त्याची टकळी चालू होती. या शनिवारी बाळाचं नाव पुकारायचंय, मुलगी झालीय, पुलापलीकडच्या कुलूपवाल्याची नात. कुलूपवाल्याच्या बहिणीचं नाव ठेवणार आहेत. बिचारी ऐन तरुणपणी गेली म्हणे. तो अजून दर वर्षी तिच्या नावाने दिवा लावतो, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

चष्मेवालीचा हात थांबला. कुलूपवाल्याला बहिणी तरी किती होत्या, असं तिने विचारलं. एकच, बिनतारी म्हणाला, आणि तिचं नावही सांगितलं.

ते चष्मेवालीचं नाव होतं.

"ती ठणठणीत आहे," ती म्हणाली. "तुझा स्क्रू आवळतेय."

बिनतारीने उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्याला फारसं दिसत नसे, पण तेवढं दिसलं असावं.

तिचं मरण असं झालं होतं. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानेच तिला वाढवलं, वेण्या घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत. पुढे ती चष्म्याच्या दुकानात लागली, भिंगं घासायला शिकली आणि शिकवणाऱ्याशीच लग्न करून मोकळी झाली. तो दुसऱ्या धर्माचा. दादा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. लग्नानंतर चार दिवसांनी ती त्याची समजूत काढायला घरी गेली, तर आरशांवर चादरी टाकलेल्या, दादा बुटक्या स्टुलावर बसलेला, कोटाची कॉलर फाडलेली, आजूबाजूला खाली माना घातलेली माणसं. सात दिवसांचं सुतक. "कोण गेलं?" असं तिने तीनतीनदा विचारलं. कोणी मान वर केली नाही. मेलेल्या माणसाला उत्तर कोण देणार?

ते तिने गिळलं. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते करतं, म्हणून गिळलं. तिचा नवरा गेला तेव्हा दादा फिरकला नाही, तेही गिळलं. पण हा दिवा? हे कौतुक? मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काय खोटं आहे! आणि इथे तर म्हैस अजून मेलेलीसुद्धा नाही.

तरी नाव ठेवण्याची गोष्ट निराळी होती. ती ऐकल्यापासून तिच्या अंगाची लाहीलाही होत होती, आणि त्यात भीतीही होती. त्यांच्या घराण्यात गेलेल्या माणसाचं नाव बाळाला ठेवायचे, म्हणजे ते माणूस घरातल्या हाकेत राहतं. जिवंत माणसाचं नाव मात्र कोणी ठेवत नसे. मृत्यूचा दूत नावानिशी शोधत येतो. एका नावाची दोन माणसं सापडली की त्याचा घोटाळा होतो आणि तो भलत्यालाच उचलतो. म्हातारीऐवजी बाळाला. याच्यावर तिचा विश्वास होता का? धड होय म्हणवत नव्हतं. पण दादाचा होता, ठाम होता, आणि हे नाव ठरताना दादा गप्प बसला होता.

बिनतारीच्या हातात चष्मा कोंबून तिने भरदिवसा दुकान बंद केलं आणि पूल ओलांडला. पेचकस हातात तसाच होता, हे तिला जिना चढताना कळलं.

दार भाचीने उघडलं. खांद्यावर बाळ, डोळ्यांत झोप. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. भाची कोण पाहिजे म्हणून विचारायला गेली आणि तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली. मग तिने मागे वळून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर फोटो होता, दोन वेण्यांचा, हनुवटीवर ठसठशीत तिळाचा. तीळ होता तिथेच होता, फक्त वेण्या गेल्या होत्या.

"होय, तीच," चष्मेवाली म्हणाली. "आत येऊ का, की मेलेल्यांना बंदी आहे?"

दादा खिडकीशी बसला होता. केवढा म्हातारा झाला होता! चष्मा एका बाजूला कलंडलेला, नाकावर वळ उठलेला. कुठल्या गाढवाने हा बसवून दिला, असा विचार तिच्या मनात आला आणि त्याचाही तिला राग आला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच खिळली. तिला सगळं ठाऊक होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

"दादा," चष्मेवाली म्हणाली, "मला मारलंस, ठीक आहे. तुझं घर, तुझं सुतक. पण हे नाव ठरलं तेव्हा तू इथेच बसला होतास ना? जिवंत माणसाचं नाव ठेवलं तर काय होतं, हे माझ्या वेण्या घालताना मला तूच सांगितलंयस. एका वाक्याचं काम होतं. ती जिवंत आहे, एवढंच. नातीचा जीव टांगणीला लावलास, पण ते वाक्य तोंडातून काढलं नाहीस."

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो लेकीला म्हणाला, तिला बसायला सांग. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा.

भाचीने काही सांगितलं नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. आत्या कशी भिंतीवर चढायची, कशी मास्तरांच्या नकला करायची, हे ऐकत ती वाढली होती. म्हणून तर लेकीला हे नाव.

"मी दर वर्षी त्या दिव्यापुढे रडलेय, बाबा," ती म्हणाली. "कोणासाठी रडत होते मी?"

दादाने कलंडलेला चष्मा काढून हातात घेतला. शेवटी वहिनीच मध्ये पडली. नाव ठरल्यापासून यांना झोप नाही, दोनदा चष्म्याच्या दुकानासमोर जाऊन परत आलेत, दाराशी पोचतात आणि पाय मागे घेतात.

"कुलूपवाल्याला दार उघडता येत नाही?" चष्मेवालीने विचारलं. कोणी हसलं नाही. तिलाही हसू आलं नव्हतं.

भाचीने पुढे येऊन बाळ तिच्या हातात दिलं. आढेवेढे घ्यायला वेळच मिळाला नाही. बाळ गरम होतं, जड होतं, आणि त्याला या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. भाची म्हणाली, सासरी उलटा रिवाज आहे, तिकडे जिवंत माणसाचंच नाव मानाने ठेवतात. आत्याने परवानगी दिली तर तसं ठेवू, आणि आत्याने शनिवारी समोर येऊन उभं राहावं.

चष्मेवालीला मोह झाला. कोणाला होणार नाही? तिला मूलबाळ नव्हतं, आणि तिचं नाव कोणी इतक्या हौसेने कधी मागितलं नव्हतं. तिने बाळाची मूठ सोडवून आपलं बोट मोकळं केलं.

"नाही गं. माझं नाव मला अजून लागतं," ती म्हणाली. "या घरात ते आजवर नुसतं टांगून ठेवलंय. आधी मी वापरते. हिला कोणा खरोखर मेलेल्याचं द्या, आपल्यात काय कमी आहेत?"

बाळ परत देऊन ती निघाली. आता थांबली तर रडू फुटेल आणि सगळा राग वाया जाईल, हे तिला कळत होतं. उंबरा ओलांडला, जिन्याची पहिली पायरी उतरली, आणि पाठीमागून दादाने तिला नावाने हाक मारली.

आवाज बारीक होता, गंज चढलेला. ती थांबली, पण वळली नाही.

"पुन्हा मार," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तीनदा विचारलं होतं."

त्याने पुन्हा हाक मारली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काठी आपटत तो दारापर्यंत आला आणि जिनाभर ऐकू जाईल अशी तिसऱ्यांदा मारली. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, कोणीतरी डोकं बाहेर काढून कोणाला बोलावताहेत म्हणून विचारलं.

"माझ्या बहिणीला," दादा म्हणाला.

तेव्हा तिने ओ दिली.