वाकडा लावलेला डिटेक्टर

माझ्या यंत्रात काही वाकडं आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. आणि म्हणणारी कोण, तर माझी धाकटी जाऊ! घरात एकाच ओट्यावर आमची कोपरं एकमेकींना लागतात, आणि प्रयोगशाळेतही आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत. मी यंत्र बांधते, ती कॉम्प्युटरवर त्याचं सिम्युलेशन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करते. सगळे तिला छोटी म्हणतात.

यंत्राचं काम म्हणाल तर शर्यत लावण्याचं. हवा काढून टाकलेल्या लांब नळीच्या एका टोकाला प्लेट असते. ती विजेचा दणका देते आणि आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, धूम पळत सुटतात. हलके आधी पोचतात, जड मागून. दुसऱ्या टोकाचा डिटेक्टर वेळ मोजतो, वेळेवरून वजन कळतं. आमचं घोडं अडलं होतं ते जवळजवळ सारख्या वजनाच्या दोन आयनांपाशी. छोटीच्या पडद्यावर आलेखात त्यांची दोन सुरेख शिखरं दिसायची, माझ्या पडद्यावर एकच जाडजूड ढेकूळ. शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी हात टेकले. आज संध्याकाळी शेजारच्या विभागाची माणसं व्हॅक्यूम पंप न्यायला येणार होती, आणि पंप गेला की यंत्राचं भंगारच. इतकी वर्षं जीव ओतलाय मी त्यात!

"ताई, चेंबर उघडून प्लेट सरळ आहे का ते मोजू या का?" छोटीनं दारातूनच विचारलं.

"मी लावलीय ती."

"म्हणून तर मी आजवर ती सरळच धरून चालले ना! पण तुम्ही मोजलीत ती तापवायच्या आधी. नंतर कुठे मोजली?"

आतली ओल घालवायला अख्खं चेंबर तापवावं लागतं, ते मीच तापवलं होतं, आणि तापलं की धातू जागचा हलतो. तरी फणकारलेच, "मोज बाई, मोज. होऊ दे तुझ्या मनासारखं."

मोजली. एका कडेला केसभर कलली होती. केसभर! मला रडू फुटायचंच बाकी होतं. प्लेट आधाराला कायमची जोडलेली, जागेवर सरळ करता येणार नव्हती; नवी करून घ्यायची तर वर्कशॉपमध्ये कित्येक आठवडे गेले असते.

छोटी मात्र कॉम्प्युटरकडे पळाली. तिच्या त्या गुळगुळीत, सरळसोट यंत्रात तिनं तेवढाच कल घातला, आणि काय सांगू, तिच्या पडद्यावर हुबेहूब माझं ढेकूळ उभं राहिलं.

"ताई, जमलं!"

"डोंबल जमलं! तुझंही बिघडलं की."

"अहो, तेच तर! आयनांची रांगच तिरकी सुटतेय. डिटेक्टर सरळ आहे, म्हणून रांगेचं एक टोक आधी आपटतं, दुसरं उशिरा. सुरुवातीची रेघ तिरकी असेल तर शेवटची दोरीही तितकीच तिरकी धरायची. डिटेक्टर वाकडा लावा!"

मी? वाकडा लावू? अख्ख्या विभागात सरळ जोडणीसाठी माझं नाव घेतात! पण तिच्या पडद्यावर डिटेक्टर कलला आणि ढेकळाची दोन शिखरं झाली, तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर उचलला. तिनं बाजू सांगितली, कल सांगितला. मी डिटेक्टरच्या एका स्क्रूखाली पातळ पत्र्याची चकती सरकवली, चेंबर बंद केलं आणि पंप चालू केला. हवा निघेपर्यंत आम्ही दोघींनी येरझारा घालून घालून फरशी झिजवली.

दाराशी ढकलगाडी आली. तिच्यामागे सर.

"चला, बंद करा आता."

"थांबा हो जरा!" मी चक्क सरांवर खेकसले आणि कळ दाबली.

आलेख चढू लागला. एक शिखर. त्याला खेटून दुसरं. आणि दोघांच्या मधे पार तळापर्यंत मोकळी जागा! मी अशी किंचाळले की ढकलगाडीवाला दचकून मागे सरला. छोटीला कमरेला धरून मी गरागरा फिरवलं. सर चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पडद्याकडे बघत राहिले, मग वळून म्हणाले, "गाडी परत न्या. पंप इथंच राहील."

छोटी डोळे पुसत हसत होती. "मला वाटलं, तुम्ही मोजूच देणार नाही. ताई, आठवडाभर मनात होतं माझ्या. विचारायला धीरच होत नव्हता."

आठवडाभर! एवढ्या आनंदात माझ्या काळजात चर्र झालं. यंत्र हातचं जाणार होतं ते वाकड्या प्लेटमुळे नाही, माझ्या तोंडामुळे.

"पुन्हा अशी गप्प बसलीस तर बघ!" मी म्हणाले. आणि तेही ओरडूनच म्हणाले.