शेजारणीचा ढीग

सकीनाबीला बागेत वाफा मिळाला त्याला दोन महिने होत आले होते, आणि तिथं नेमकं काय चाललंय हे तिला अजून कळत नव्हतं. हेमकांत सर म्हणायचे, मातीत हात घाला, माती स्वतःच सांगते. सकीनाबी रोज हात घालायची. माती चकार शब्द काढत नव्हती. नखं तेवढी काळी व्हायची.

बाग कसली, कॉलनीमागची पडीक जागा होती ती. काही हौशी मंडळींनी तिथली काटेरी झुडपं काढली, तारेचं कुंपण घातलं, सतरा वाफे आखले आणि फाटकावर पाटी लावली: सामाईक परसबाग. ज्याला शिकायचंय त्याला एका हंगामापुरता एक वाफा. शिकवायला हेमकांत सर. ते शेतकी शिकलेले, बोलणं पुस्तकातलं, पायात मात्र सदा चिखल. आणि सोबतीला, कुणी न बोलावता, गजराबाई. तापीकाठच्या गावात जन्म शेतात घालवून मुलाच्या नोकरीपायी शहरात आलेली. तिचाही तिथं एक वाफाच होता, पण तोंड सतराही वाफ्यांवर चालायचं.

सर म्हणायचे, "चाची, पाणी बेताचं द्या. मुळं कुजतात."

सरांची पाठ वळली की गजराबाई आपल्या अहिराणीत म्हणायची, "अय सकीना, झाडले तहान लागनी शे ना वं! पानी दे."

सकीनाबी दोघांनाही मान डोलवायची. मग अर्धा डबा पाणी द्यायची आणि उरलेला अर्धा हातात धरून उभी राहायची, कारण तो ओतावा की परत न्यावा हे तिला ठरवता यायचं नाही. सर म्हणाले खत मुळापासून लांब टाका, गजराबाई म्हणाली मुळाशी टाक. सर म्हणाले हे तण आहे, उपटा. ती उपटायला वाकली तर गजराबाई ओरडली, अगं ती भाजी आहे, घरी ने! सकीनाबीने ते घरी नेलं. सुनेने ते निवडून पाहिलं, हुंगून पाहिलं आणि शेवटी शेजारच्या बकरीला घातलं.

आता कुणी विचारेल, एवढा गोंधळ होता तर बाई जात कशाला होती? तर ऐका. सकीनाबीने तीस वर्षं पथारीवर काढली होती. नंदुरबारला लाल मिरची येते ती शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर वाळत पडते, त्या मैदानाला पथारी म्हणतात. तिथं बायका ओळीने बसून मिरचीचे देठ खुडतात. सकीनाबीचा हात सगळ्यांत चलाख. पण मिरचीच्या धुळीने छाती धरली, खोकला उठला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरने सांगितलं, पुन्हा पथारीवर पाय ठेवायचा नाही. नवरा तर केव्हाच गेलेला. मुलगा दिवसभर गॅरेजमध्ये. घर दोन खोल्यांचं, आणि ते आता इरमचं, सुनेचं. इरम वाईट नव्हती, हो. ती नुसती झाडू घेऊन यायची आणि म्हणायची, "अम्मी, जरा पैर ऊपर लो." मग पोछा घेऊन यायची. मग पोरांची शिकवणी बसायची. सकीनाबी कधी पाय वर घ्यायची, कधी भिंतीला सरकायची, कधी ओट्यावर जाऊन बसायची. दिवसभर जिथं बसलं तर कुणाच्या आड येत नाही अशी जगात तिला एकच जागा होती: वाफा नंबर अकराची कड. ती जागा गेली असती तर सकीनाबीला खरोखर कुठे बसावं हा प्रश्न होता. म्हणून ती घाबरून शिकत होती, आणि घाबरल्यामुळे तिला काही येत नव्हतं.

तिच्या वाफ्यात मिरचीचीच रोपं होती. सरांनी मुद्दामच दिली होती. "चाची तर मिरचीतल्याच," असं म्हणून ते हसले होते. सकीनाबीलाही हसू आलं, पण आतून ती दचकली. मिरची तिने ट्रकने पाहिली होती. झाड मात्र जन्मात पाहिलं नव्हतं.

नवरात्राच्या आधीच्या बुधवारी मिरचीला पहिली पांढरी फुलं आली. सरांनी सगळ्यांना अकरा नंबरच्या वाफ्याशी गोळा केलं, एक फूल चिमटीत धरलं आणि खुडून टाकलं. म्हणाले, "पहिल्या बहराची फुलं काढून टाकायची. मग रोप अंग धरतं, पुढे फांद्या जास्त फुटतात. बघा, अगदी नखाने, अलगद."

खुडायचं! सकीनाबीचा चेहरा एकदम उजळला. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला येतं असं काहीतरी सांगितलं होतं. आणि नवल म्हणजे गजराबाईही त्यावर काही उलट बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या वेळेला ती हजर. बागेत दुसरं कुणी नव्हतं. तिने ओढणी कमरेला खोचली, उकिडवी बसली आणि हात सुटला. चोवीस रोपं बघता बघता झाली. हात अजून सळसळत होता. पथारीवरची रीत अशी, की आपला ढीग संपला म्हणून कुणी हात झटकून उठत नाही. जिचा ढीग संपतो ती शेजारणीच्या ढिगाला हात लावते. शेजारीण म्हातारी असेल, अंगावर पाजणारी असेल, नाहीतर नुसती मंद असेल. विचारायचं नाही, सांगायचं नाही, आभार तर मुळीच मानायचे नाहीत. उठायचं ते सगळ्यांनी एकदम. शेजारीण मागे राहिली आणि आपण डबा उघडला, असं जी करेल तिला दुसऱ्या दिवशी ओळीत कुणी जागा द्यायचं नाही.

सकीनाबी दहा नंबरकडे सरकली. तिथं टोमॅटो होते, पिवळी फुलं. नऊला वांगी, जांभळी फुलं. तो वाफा गजराबाईचा. तिचे गुडघे दुखतात, सकीनाबीला माहीत होतं. तिथं तिने जरा जास्तच मन लावून खुडलं. मग भेंडी, चवळी, काकडी. ऊन चढेपर्यंत सतराही वाफे स्वच्छ. फुलं तिने गोणपाटावर रंगारंगाने वेगळी लावून ठेवली आणि घाम पुसत बसली. किती महिन्यांनी तिला असं छान दमल्यासारखं वाटलं होतं.

पहिली आली गजराबाई. आपल्या वाफ्याशी थांबली. वाकली. एक झाड उलटंपालटं करून पाहिलं, मग दुसरं. मग गोणपाटावर नजर गेली.

"मन्हा वांगास्ना बठ्ठा फुलं कोनी खुडात?"

"मी," सकीनाबी म्हणाली. आनंदाने म्हणाली, बिचारी.

गजराबाईने जो आवाज लावला तो रस्त्यापलीकडे गेला असावा. पहिली वांगी विसरवाडीच्या बहिणीकडे भरतासाठी पोचवायची होती, तसा सांगावाही गेला होता. लोक जमले. जो तो आपापल्या वाफ्याकडे धावला आणि तोंड पाडून परत आला. सर आले, त्यांनी गोणपाट पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "चाची, मी मिरचीचं सांगितलं होतं. तेही तुमच्या!"

सकीनाबी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. काल फुलं खुडणं चांगलं होतं, आज वाईट झालं. मिरचीचं चांगलं, वांग्याचं वाईट. तिचे कान तापले. पथारीवर यावरून कुणी आवाज चढवल्याचं तिने तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी बैठक बसली. नियम सरळ होता आणि पहिल्याच दिवशी वाचून दाखवला होता: जो दुसऱ्याच्या वाफ्याचं नुकसान करेल त्याचा वाफा जाईल. तेव्हा सकीनाबीला वाटलं होतं, हे चोरांसाठी असेल.

"तुले सांगं कोनी व्हतं?" गजराबाईने सगळ्यांसमोर विचारलं.

"सांगाले काय लागस?" सकीनाबी म्हणाली. "आपला ढीग सरना का शेजारनीना ढिगले हात लावतस. मन्हा सरना. तुम्हना बाकी व्हता."

सर पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. फाटकावरच्या 'सामाईक'च्या पाटीकडे एकदोघांची नजर गेली आणि परत फिरली. पण नियम तो नियम, आणि फुलं तर गेलीच होती. वाफा नंबर अकरा यादीतल्या पुढच्या नावाला गेला. काजल तिचं नाव, सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसणारी मुलगी. तिने वाफा घेतला खरा, पण सकीनाबीकडे बघायचं टाळून.

पुढचे आठ दिवस सकीनाबीने घरात पाय वर घेतले, पाय खाली ठेवले. "अम्मी, तबीयत ठीक नहीं क्या?" इरमने दोनदा विचारलं, खरंच काळजीने विचारलं. सकीनाबीला काय सांगावं कळेना. आपण गुन्हा केला की नाही, हेच तिला अजून कळलं नव्हतं. नुकसान झालं हे दिसत होतं. वाईट वाटत होतं, गजराबाईच्या वांग्यांचं तर फारच. पण आपला हात कुठे चुकला, हे काही केल्या सापडत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी ती कशी कोण जाणे कुंपणाशी येऊन उभी राहिली. ऊन रणरणत होतं. आत काजल, जेवणाच्या सुट्टीत आलेली, डब्यामागून डबे पाणी अकरा नंबरमध्ये ओतत होती. मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या, पानं फडक्यासारखी लोंबत होती.

"नको वं पोरी!" सकीनाबीच्या तोंडून निघून गेलं. "पानी नको दिऊ!"

काजल दचकली. "मरी ऱ्हायनात ना चाची! देखा ना!"

"मरत नहीत. दुपारले मान टाकतस त्या. खाल माती वली शे. ऊन उतरनं का आपोआप उभ्या ऱ्हातस."

"सर तं काही बोलनात नही असं. तुम्हले कसं माहीत?"

सकीनाबीने रोपांकडे पाहिलं. कसं माहीत? सरांनी सांगितलं नव्हतं, गजराबाईनेही नाही. ते सगळे सकाळी यायचे, संध्याकाळी यायचे. भर दुपारी त्या वाफ्याच्या कडेला रोज कोण बसलं होतं? जिला दुसरीकडे बसायला जागा नव्हती, तीच. दोन महिने ती झाडं तिच्यासमोर माना टाकत होती आणि तिच्यासमोर उभी राहत होती, आणि असं बघत बसणं म्हणजेही शिकणं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मी रोज देखे," ती एवढंच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

काजलने घड्याळ पाहिलं. सुट्टी संपत आली होती. डबा तिने खाली ठेवला. "चाची, मी जास. तुम्ही संध्याकायपावत बठशात का आठे? माले लई भेव लागस."

सकीनाबी फाटकातून आत आली, चोरासारखी. अकरा नंबरच्या कडेला बसली. वाफा आपला नाही, मग आपण इथं काय म्हणून बसलो आहोत, हे तिला समजेना, पण ती बसली. तीनच्या सुमारास पहिलं रोप जरा हललं. चारला दुसरं. ऊन कॉलनीच्या भिंतीवर चढलं तोवर चोवीसही रोपं ताठ उभी होती.

तेवढ्यात मागे चपला वाजल्या. गजराबाई. सकीनाबी धडपडत उठली, ओढणी सावरली. गजराबाईने तिच्याकडे पाहिलं, रोपांकडे पाहिलं, कोरड्या पडलेल्या डब्याकडे पाहिलं.

"दुपारपासून आठेच बठेल व्हती?"

"हां."

"बठ्ठं देखत?"

"हां."

गजराबाई आपल्या वांग्यांशी जाऊन वाकली. तिथं पाच-सहा नव्या कळ्या धरल्या होत्या, धरायला हव्या होत्या त्याहून कमीच. मग ती वळली आणि नेहमीच्याच चढ्या आवाजात म्हणाली, "मंग सकायपासून मन्हा वाफाकडे बी देखत जाय. पन हात लावशी तं याद राख!"

ही माफी होती की दमदाटी, सकीनाबीला कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या वेळेला ती हजर होती. दोन्ही हात ओढणीखाली घट्ट धरून तिने सतराही वाफ्यांना एक फेरी मारली, आणि नऊ अन् अकरा दोन्ही दिसतील त्या वाटेवर, कुणाच्याही आड येणार नाही अशी, बसून राहिली.