शिकाऊ पहारेकरी

त्या घरात कुणीच कधी काही केलेलं नसायचं. कप आपोआप फुटायचा, दूध स्वतःच्या मर्जीनं उतू जायचं. गुरुवारी दुपारी एकला कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला आणि भोंगा वाजायला लागला, तोही असाच, कुणाचा हात न लागता. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाचशे बारा व्हायरस सापडले आहेत. आत्ताच्या आत्ता इथे दाबा.' कुणीतरी दाबलं होतं. एकदा नाही, चांगलं सहा वेळा.

"मी दुकानात होतो," दादा म्हणाला. त्याचं टायरचं दुकान होतं आणि हाताला कायम रबराचा वास.

"मी पार्लरमध्ये होते," त्याची धाकटी बहीण म्हणाली. ती दिवसभर बायकांच्या भुवया कोरायची. चाळिशीला टेकली तरी घरात तिचं नाव बेबीच.

"मी झोपलो होतो," त्यांचे वडील, अण्णा, म्हणाले. अण्णांचा चष्मा मात्र कॉम्प्युटरच्या टेबलावर पडला होता.

मग तिघांच्याही माना वहिनीकडे, म्हणजे दादाच्या बायकोकडे वळल्या. वहिनी दातांच्या लॅबमध्ये कामाला. गुरुवारी एकला ती मेणात दाढा कोरत होती आणि शेजारी मालक स्वतः उभा होता. पण आरोपीची जागा रिकामी दिसली की सुनेनं मुकाट जाऊन तिथं बसायचं, असा घराघरांत न लिहिलेला कायदा आहे. तो कुणी केला ते विचारायला जा, पुन्हा तेच उत्तर. कुणीच नाही.

"काय गं, गाडीसारखाच हाही कुठं नेऊन आपटलास वाटतं," अण्णा म्हणाले आणि सगळे हसले.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गाडीच्या परवान्याच्या परीक्षेत नापास झाली होती. मागं घेताना तिनं एक खांब पाडला. प्लॅस्टिकचा, पोकळ, लहान मूल उचलेल असा. तेव्हापासून ती पाण्याचा तांब्या घेऊन आली तरी दादा म्हणायचा, "बाजूला व्हा, ही मागं येतेय." दोन वर्षं एकच विनोद! शिळी भाकरीसुद्धा माणूस इतके दिवस ठेवत नाही.

म्हणूनच वहिनीनं एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. मेणाचे दिवस संपत आले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नवी लॅब निघाली होती. तिथं दाताची कॅप कॉम्प्युटरवर घडवायचे आणि यंत्र ती कापून द्यायचं. त्यांना एकच माणूस हवं होतं. परीक्षा घरूनच द्यायची होती. पुढच्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी अकरा ते बारा. ते एका रोग्याच्या जबड्याचं चित्र पाठवणार, त्यातल्या दाढेवर कॅप घडवून बाराच्या आत परत पाठवायची. चार महिने वहिनी रोज लॅबमधून आल्यावर, अण्णा झोपले की, अडीच ते चार सराव करत होती. पास झाली तर सांगणार होती. नापास झाली तर खांबाच्या शेजारी दाढ उभी राहिली असती, आणि ती ऐकत आणखी दोन वर्षं काढायची तिच्यात ताकद नव्हती.

रविवारी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. पाठीवर पिशवी, तोंडात लवंग. त्यांनी खुर्ची ओढली, घरच्यांना मागं सरकायला सांगितलं आणि कामाला लागल्या. तो भोंगा वाजवणारा भामटा आधी मुळासकट उपटला. मग खरा अँटिव्हायरस घातला आणि दोन तास सगळा कॉम्प्युटर विंचरून काढला. एकतीस नग निघाले.

"पाचशे बारा नव्हते तर," अण्णा म्हणाले. ते थोडे निराशच झाले.

"ते सांगणाराच सगळ्यात मोठा होता," बाई म्हणाल्या. "आता दुसरं काम. अँटिव्हायरस म्हणजे आत घुसलेल्याला पकडणारा. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. आत कोण येतंय, बाहेर कोण जातंय, सगळं त्याच्या नजरेखालून. पण त्याला अजून तुमचं घर माहीत नाही. म्हणून पहिले सात दिवस तो शिकाऊ राहील. काही अडवणार नाही, नुसतं बघेल. या घरात रोज काय चालतं ते शिकेल. पुढच्या रविवारपासून जे ओळखीचं नाही ते बंद. उघडायचं तर पासवर्ड लागेल. तो एकाच माणसाकडे ठेवा."

एकच माणूस म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती. अण्णा सरकारात वजनमापांचे इन्स्पेक्टर होते. तीस वर्षं दुकानदारांचे काटे उलटेपालटे करून बघितले, खोटी वजनं जप्त केली. निवृत्त झाल्यावर काटे संपले आणि घरची माणसं उरली.

"आणि तो जे बघेल त्याची यादी?" अण्णांनी विचारलं. "ती मला दिसेल?"

"दिसेल की. कुणी, काय, किती वाजता, सगळं."

बाईंनी सहज सांगितलं आणि पिशवी उचलून गेल्या. इकडे घराच्या अंगावर गार पाण्याची बादली ओतल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून ते घर सुधारलं. इतकं, की कुणी पाहुणा आला असता तर घाबरून परत गेला असता. दादाला रोज जेवल्यावर एक व्यसन होतं. कुठले तरी लोक चिखलानं माखलेले गालिचे धुतात, त्याचे व्हिडिओ तो तासतासभर बघायचा. काळं पाणी निघायला लागलं की त्याचे डोळे भरून यायचे. आता तो टायरमधल्या हवेच्या दाबावरचं भाषण लावून ताठ बसायला लागला. दहाव्या मिनिटाला त्याची मान पडायची. बेबी इंटरनेटवर शहरातल्या बाकीच्या पार्लरांना खोट्या नावानं पाचातली एकच चांदणी देत फिरायची. ती आता शब्दकोश उघडून बसली आणि दोन दिवस 'अ' मध्येच राहिली. अण्णा सकाळी सातला हवामान बघायचे, नवाला पुन्हा हवामान बघायचे, आणि मधल्या वेळात टेबलाकडे असं बघायचे, जसं काही तिथं त्यांचं कुणी आजारी पडलंय.

सगळ्यांना एकच धाक होता, यादीचा. आपण जसे आहोत तसे दिसू याची माणसाला केवढी भीती! चोर शिरेल म्हणून पहारेकरी ठेवला आणि घरचेच त्याला बघून चोरासारखे चालायला लागले.

वहिनीही त्यातलीच. तिनं सरावाचा प्रोग्रॅम सात दिवस उघडलाच नाही. अण्णा यादी वाचणार, भर जेवणात विचारणार, 'हे दाढेचं काय आहे गं?', आणि संपलं. ती फक्त हवामान बघायची. त्या आठवड्यात त्या घराइतकं हवामान कुणीच बघितलं नसेल. हात विसरू नये म्हणून तिनं न्हाणीघरातला नवा साबण घेतला आणि सुरीनं कोरला.

"वहिनी," बेबी ओरडली, "या साबणाला दाढ कुठून फुटली?"

"उंदरानं कुरतडला असेल."

"उंदीर डेंटिस्ट आहे का?"

रविवार उजाडला. वहिनीनं सगळी आखणी केली होती. दादाला दुकानाचं शटर रंगवायला धाडलं. बेबीचं पार्लर रविवारी भरलेलं. अण्णा फिरायला जाऊन बारापर्यंत कट्ट्यावर बसायचे. पावणेअकराला ती खुर्चीत बसली, बोटं मोडली आणि प्रोग्रॅम उघडला.

पडद्यावर करडा चौकोन आला. 'हा प्रोग्रॅम ओळखीचा नाही. अडवला आहे. परवानगीसाठी पासवर्ड द्या.'

तिनं बंद करून पुन्हा उघडला. पुन्हा तोच. चार महिने ज्यात डोळे घातले, तो प्रोग्रॅम पहारेकऱ्यानं कधी पाहिलाच नव्हता. त्यानं काय पाहिलं होतं? हवामान! सात दिवस सगळ्यांनी मिळून त्याला सपशेल खोटं घर शिकवलं होतं, आणि तो बिचारा इमानदारीनं त्या खोट्या घराची राखण करत होता.

तेवढ्यात दार वाजलं. दादा. "रंग संपला," तो म्हणाला आणि नजर कॉम्प्युटरवर. सात दिवसांची गालिच्यांची भूक त्याच्या तोंडावर उघड दिसत होती. त्याच्या मागून बेबी आली, "एक बाई आलीच नाही, म्हटलं जरा बसावं." तिचीही नजर तिथंच.

"अण्णांना फोन लावा," वहिनी म्हणाली.

"का? काय झालं?"

"अहो, लावा म्हणते ना!"

या घरात लग्न होऊन आल्यापासून तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. दादानं फोन लावला.

अण्णा आले तेव्हा अकराला सहा मिनिटं होती. त्यांनी चष्मा घातला, करडा चौकोन वाचला, आणि त्यांच्यातला इन्स्पेक्टर तीस वर्षांनी तरुण झाला.

"हा प्रोग्रॅम कुणाचा?"

"माझा."

"कुठून आणला? कशासाठी? व्हायरस शिरतात ते असेच."

"अण्णा, आधी पासवर्ड टाका, मग विचारा."

"आधी कारण. परवानगी अशी मागितली की मिळत नसते."

घड्याळात अकराला चार मिनिटं कमी. वहिनीनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा नणंदेकडे. मग तिनं सांगून टाकलं.

"परीक्षा आहे. अकराला. नव्या लॅबची. चार महिने शिकतेय, तुम्ही झोपल्यावर. सांगितलं नाही, कारण नापास झाले तर तुम्ही तिघं जन्मभर दात काढाल. मी एक खांब पाडला होता, अण्णा. पोकळ खांब. दोन वर्षं तुम्ही तो रोज उभा करता आणि रोज माझ्याकडून पाडून घेता. आता ही परीक्षा नुसत्या तुमच्या या यादीच्या धाकानं हातची गेली, तर मी तो खांब खरंच आणून या खोलीत रोवीन."

कुणी हसलं नाही. बेबीनं उगाच पडदा सरळ केला.

"तोंडं भिंतीकडे करा," अण्णा घसा साफ करत म्हणाले. "पासवर्ड गुप्त असतो."

तिघं भिंतीकडे वळली. मागं एकेक कळ सावकाश वाजत राहिली. तीस वर्षं वजनं तपासणारा माणूस अक्षरंही तोलूनच टाकत होता. पण भिंतीवर आरसा होता, आणि दादा नेमका आरशासमोर उभा होता.

"अण्णा," तो म्हणाला, "परवानगीच्या यादीत आधीच एक नाव आहे."

"भिंतीकडे बघ!"

"भिंतीकडेच बघतोय. 'हिरवीगार शेती'. आज सकाळी सहा दहा. हे काय?"

बेबी गर्रकन वळली. तिनं आधी यादी बघितली, मग बापाचा लाल झालेला कान. "तो कोबीचा खेळ? अण्णा, तुम्ही कोबी लावता? पडद्यावर?"

"मागून कुणी यादी वाचेल म्हणून सात दिवस पाणी घातलं नाही त्यांना!" अण्णांच्या तोंडून निघून गेलं. "चाळीस गड्डे वाळले. चाळीस!"

"म्हणजे गुरुवारी तो भोंगा..."

"एकदा दाबलं की एक पोतं खत फुकट देतो म्हणाला होता," अण्णा पुटपुटले. "सहा पोती."

आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी वजनं पकडलेला माणूस स्वतःच्या काट्यावर उभा होता आणि काटा लपत नव्हता. त्यांनी परवानगीचं बटण दाबलं, खुर्चीवरून उठले, "मी आंघोळीला चाललो" म्हणाले आणि न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली.

अकरा वाजून तीन मिनिटांनी जबड्याचं चित्र आलं. खालची उजवी दाढ, वरून अर्धी झिजलेली, शेजारची जरा आत कललेली. वहिनीची बोटं पहिली पाच मिनिटं परक्यासारखी वागली. मग माऊसच्या टोकाला मेण लागल्यासारखं झालं आणि ती त्या दाढेत उतरली. इथं उंचवटा, तिथं खोलगट, वरची दाढ मिटताना अडायला नको, असं ती मोठ्यानं बोलत होती. मागं दादा श्वास रोखून उभा. हे गालिचे धुण्यापेक्षा भारी होतं.

"बाजूचा उंचवटा जरा जास्त झाला का गं?" बेबी म्हणाली.

"तू भुवया बघ."

"भुवईसुद्धा एका बाजूला उंच झाली की बाई रडते, वहिनी."

वहिनीनं फिरवून बघितलं. खरंच जास्त होता. तिनं तो केसभर उतरवला. बाराला पाच मिनिटं असताना तिनं 'पाठवा' दाबलं.

करडा चौकोन! 'हा प्रोग्रॅम अनोळखी पत्त्यावर फाईल पाठवतो आहे. पासवर्ड द्या.' आत यायची परवानगी वेगळी आणि बाहेर जायची वेगळी, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"अण्णा!" तिघं न्हाणीघराच्या दारावर तुटून पडली. आत पाण्याचा आवाज थांबला.

"काय आहे?"

"पासवर्ड! पुन्हा मागतोय!"

"येतो. अंगाला साबण आहे."

"चार मिनिटं उरलीत, अण्णा!" वहिनी म्हणाली. "ओरडून सांगा."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग दारामागून, इन्स्पेक्टरनं कधी कुठल्याही दुकानात काढला नसेल इतका बारीक आवाज आला.

"एकटा मीच शहाणा."

"काय?"

"एकटामीचशहाणा! इंग्रजी अक्षरांत. मधे जागा नाही. शेवटी एकचा आकडा."

दादा खाली बसला तो उठेचना. बेबीनं तोंडात ओढणी कोंबली. वहिनीनं मात्र धावत जाऊन न हसता, एकेक अक्षर नीट टाकलं. तिला ते पाठ झालं, आणि शेजाऱ्यांनाही झालं असणार. पट्टी सरकली. 'तुमची फाईल मिळाली. अकरा अठ्ठावन्न.'

ती परत दाराशी आली.

"गेलं का?" आतून आवाज आला. "अरे, कुणीतरी बोला!"

"गेलं, अण्णा. वेळेत."

"पास झालीस?"

"ते बुधवारी कळेल."

"आणि नापास झालीस तर?"

वहिनीनं दाराला टेकून दम घेतला. मग तिच्या लक्षात आलं, या प्रश्नाची जी भीती चार महिने तिच्या छातीवर बसली होती, ती आत्ता जागेवर नव्हती.

"तर जेवताना मीच सांगेन. मग काय हसायचं ते हसून घ्या. कोबीवरही हसू."

आत अंगावर एक तांब्या पाणी पडलं.

"वरची दाढ अडत नाही ना?" अण्णांनी विचारलं.

"नाही. तपासलंय."

"मग ठीक आहे. आता तुझ्या नवऱ्याचं हसून झालं असेल तर त्याला टॉवेल घेऊन पाठव. माझा बाहेर राहिलाय."