विहिरीवरची तिसरी बाई

आमच्या आईने सिनेमात काम केलं होतं, हे दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यावरून तिची चेष्टा करायची एकही संधी बाबा सोडत नसत. "हिरॉइनबाई, चहा मिळेल का?" ही त्यांच्या दिवसाची सुरुवात. काम म्हणजे एवढंच, की आई अठरा वर्षांची असताना कोल्हापूरजवळच्या तिच्या गावात शूटिंग आलं आणि विहिरीवरून पाणी नेणाऱ्या बायकांत तिला उभं केलं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं बजावलं होतं, तरी हिने बघितलंच. सिनेमा लागला तेव्हा आजोबांनी थिएटरात जाऊ दिलं नाही. पुढे लग्न होऊन ती दिल्लीला आली. स्वतःला तिने कधी पाहिलंच नव्हतं. मला बाबांचा भयंकर राग यायचा. पुरावा नाही म्हणून माणसाला किती छळायचं?

तेव्हा रविवारी दुपारी टीव्हीवर प्रादेशिक सिनेमा लागायचा, दर आठवड्याला वेगळ्या भाषेतला. मराठीची पाळी यायला महिने लागत. तोवर बंगाली, ओडिया, मल्याळम, सगळं आम्ही खालची इंग्रजी वाक्यं वाचत बघून काढायचो. सत्याऐंशीच्या मे महिन्यात एकदाची मराठीची पाळी आली, आणि पेपरात नाव बघते तर आईचाच सिनेमा! त्या रविवारी आई ठेवणीतली साडी नेसली. टीव्ही बघायला! शेजारच्या प्रभाकाकू आणि वरच्या मजल्यावरच्या चोप्रा आंटी वेळेआधीच येऊन बसल्या.

सिनेमा सुरू होतो न होतो तोच आंधी आली. पिवळ्या धुळीने खिडकी भरून गेली, गच्चीवरच्या अँटेनाचा दांडा वाकला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. बाबा बनियनवरच वर धावले.

"आलं का?" ते गच्चीतून ओरडले.

"आलं!" मी खिडकीतून.

पण त्यांनी हात सोडला की चित्र गायब. दोरी बांधून झाली, विटा लावून झाल्या. शेवटी ते दांडा धरूनच उभे राहिले. आंधी गेली, ऊन परत आलं, दांडा तापला, तरी दर पाच मिनिटांनी वरून "आलं का?" आणि खालून माझं "आलं!"

मग विहीर आली.

पहिली बाई गेली. दुसरी गेली. तिसरी डोक्यावर घागर घेऊन आली, वळली, आणि थेट आमच्याकडे बघून हसली.

ती आई होती, पण अजून माझी नव्हती, कोणाचीच नव्हती. मी चौदा वर्षांची, आणि ती माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी. इतकं तोंडभर हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. चार सेकंद असतील फार तर. गाभाऱ्याचं दार उघडल्यावर सगळे गप्प होतात, तशी आमची खोली गप्प झाली. आई स्वतःच्या गालाला हात लावून बसली होती.

"हाय रब्बा," चोप्रा आंटी पुटपुटल्या, "ये तो तू है!"

वरून हाक आली, "आलं का?"

मी अजून पडद्याकडेच बघत होते.

"अगं अलका, आलं का?"

"आलं!" मी ओरडले, आणि मला रडू फुटलं.

सिनेमा संपला. जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या, तशी आईने आम्हा सगळ्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. बाबा दारात आले. केस धुळीने माखलेले, दोन्ही तळवे लालभडक.

"होतीस का गं?"

"नाही हो," आई म्हणाली. "कापलं वाटतं त्यांनी."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती कुठे बघतेय ते मला दिसलं. ती त्यांच्या तळव्यांकडे बघत होती. ज्याच्यासाठी हात भाजून घेतले तेच हुकलं, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

आता चेष्टा सुरू होणार म्हणून मी दात आवळले. पण बाबा माठाकडे गेले. तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "कापू दे गं. तू होतीस, मला बिल्कुल माहीत आहे. आणि कॅमेऱ्याकडे बघितलंच असणार तू."

आई वळली आणि हसली. विहिरीवरचंच हसू. या वेळी ते बाबांनी पाहिलं.