तिसरी चीर

"गुणाजी कुठं हाय? त्यालाच दाखवायचीय गाडी."

काळुरामकाकांना ओरडून बोलावं लागत होतं. गाडी ट्रॅक्टरसारखी धडधडत होती. ठाण्यातल्या खोपटच्या एस.टी. डेपोमागच्या त्या गॅरेजच्या गल्लीत निम्मी माणसं वळून बघायला लागली.

"आधी इंजिन बंद करा, काका," नंदा म्हणाली. "ते आत बसलेत. काम मी करते."

काकांनी आत पाहिलं. नंदाचा नवरा गुणाजी खुर्चीत बसला होता, थरथरणारा उजवा हात डाव्या हाताने धरून. "तिलाच सांगा," तो म्हणाला. "मी आता नुसता बसतो."

नऊ वर्षांपूर्वी त्याला कंप सुरू झाला. तोवर नंदा जेवणाचे डबे करायची. गिऱ्हाइकं तुटायला लागली तशी तिने एक दिवस वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर चढवला. गुणाजी शेजारी स्टुलावर बसून सांगायचा आणि ती भंगारातल्या नळ्या जोडायची, तोडायची, पुन्हा जोडायची. तिचा पहिला सांधा त्याने पास केला तो चौथ्या महिन्यात. बाईला बघून परत जाणारे तिने पुष्कळ पाहिले होते. त्यांना ती काही बोलायची नाही.

काका परत गेले नाहीत. दुपारचे बारा वाजले होते, दुसरीकडे जाण्याइतका वेळच नव्हता. मागच्या सीटवर त्यांची बायको तुळसा नाकाला पदर लावून बसली होती. तिला तीन वाजता ठाण्याच्याच हॉस्पिटलात शेक घ्यायचा होता, रेडिएशनचा. पंचवीसपैकी आजचा अठरावा.

झालं होतं असं, की सकाळी सहाला कोपरला काकांच्या दारात दोघेजण जॅक लावून गाडीखाली शिरले. सायलेन्सरच्या नळीत धूर साफ करणारा एक डबा असतो, त्यातल्या महागड्या धातूसाठी तो चोरतात. करवतीचा आवाज ऐकून काका बाहेर आले तेव्हा डब्याची पुढची नळी पार कापून झाली होती, मागची अर्धी. चोर स्कूटरवरून पळाले. काकांनी लोंबणारा डबा नायलॉनच्या दोरीने बांधला आणि चारही काचा उघड्या टाकून इथवर गाडी आणली.

"आमच्याकडचा मेकॅनिक बोलला, डबा काढ, सरळ पाईप टाक. अर्ध्या तासात मोकला."

"तसलं मी करत नाही," नंदा म्हणाली. "डबा चांगला आहे. जोडते."

तिने तुळसाकाकूंना हात देऊन उतरवलं, पंख्याखाली बसवलं, मग बॅटरीची वायर काढून ती गाडीखाली गेली. पुढच्या कापावर बाहेरून नळीचा तुकडा चढवून तो सगळीकडून वेल्ड केला. मागची फट भरली. चोरांनी तोडलेली सेन्सरची वायर जोडली. अडीच वाजले.

इंजिन चालू करून तिने सायलेन्सरच्या तोंडात ओला बोळा कोंबला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. दोन्ही सांधे गप्प राहिले. पण डब्याच्या पुढच्या गळ्याशी एक बारीक बुडबुडा आला, फुटला आणि पुन्हा आला. डबा लोंबून लोंबून तिथे केसाएवढी चीर पडली होती.

"अजून पाऊण तास लागेल."

"एवढ्याशा बुडबुड्याला? आवाज तर गेला ना? दे चावी, उद्या करू."

नंदाने चावी दिली नाही. "काका, या चिरेतून धुरातला विषारी वायू गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, कळतही नाही. तुमचं डोकं दुखेल फार तर. काकूंच्या अंगात आधीच काही राहिलेलं नाही."

"आमची पाळी चुकंल. तू भरून देशील?"

काकांचा आवाज चढला होता. नंदाने आत बघितलं. ती काम शिकल्यापासून गुणाजीने तिच्या निर्णयात तोंड घातलं नव्हतं, आताही नाही.

"अहो, चिडताय कशाला?" तुळसाकाकू उठत म्हणाल्या. "रिक्षानं जाऊ. बाय माझ्यासाठीच बोलतेय ना."

नंदा तशीच काळ्या हातांनी नाक्यावर धावली. ओळखीच्या पंढरीच्या रिक्षात तिने दोघांना बसवलं आणि त्याला बजावलं, "खड्डे बघून घे रे. बाहेर थांब आणि परत घेऊन ये."

साडेचारला ती माणसं परतली तेव्हा गाडी गल्लीच्या सावलीत तयार उभी होती. काकूंचा चेहरा उतरला होता. पाळी चुकली नव्हती. काकांनी विचारायच्या आत नंदाने इंजिन चालू केलं, बोळा कोंबला, तिन्ही ठिकाणी पाणी सोडून दाखवलं. काका गुडघे टेकून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. एकही बुडबुडा नव्हता.

उठताना त्यांनी गुडघ्यांची धूळ झटकली. "आल्या आल्या मी तुझ्या नवऱ्याला विचारीत होतो," ते म्हणाले. आणि पैसे तिच्याच हातावर ठेवले.

"सावकाश जा," नंदा म्हणाली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली. डेपोतून एक एस.टी. बाहेर पडत होती, चिंचोळ्या रस्त्यात मागेपुढे करत वळत होती. मागून रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. नंदा हात पुसत बघत होती. मागच्या काचेतून काकूंचं डोकं सीटवर कललेलं दिसत होतं. त्यांना झोप लागली होती. एस.टी. केव्हाच निघून गेली, रस्ता मोकळा झाला, तरी काका जरा वेळ तसेच थांबले. मग झोपलेल्या माणसाला धक्का लागू नये अशा बेताने त्यांनी गाडी अलगद पुढे काढली.